हरणाच्या शिकारीसाठी रायफल कुठली घ्यावी: टिक्का टी३एक्स लाइट, ६.५ क्रीडमूर, माझा अनुभव

मी पुण्यात राहते आणि बालेवाडीला मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवते, बारा वर्षं झाली आता. शिकारीशी माझा तसा काही संबंध नाही. पण धाकटा भाऊ विस्कॉन्सिनला असतो, त्याचा मागच्या वर्षी रात्री साडेअकराला फोन आला, "ताई, ऑफिसातले सगळे नोव्हेंबरात डिअर सीझनला जातात, मलाही बोलावलंय, रायफल घ्यायचीये, कुठली घेऊ सांग." योगायोगाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी तिकडे जाणारच होते, त्यामुळे रायफल निवडण्यापासून ती चालवेपर्यंत सगळं मी जवळून बघितलं आणि स्वतः पण टार्गेटवर मारून बघितलं. मराठीत या विषयावर काहीच धड वाचायला मिळालं नाही म्हणून हे लिहितीये, कारण तिकडे राहणारी आपली बरीच पोरं आता या वाटेला जातात आणि चुकीच्या सल्ल्यावर हजार-बाराशे डॉलर घालवून बसतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हे सगळं अमेरिकेबद्दल आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारा बघायला जा, भीमाशंकरच्या जंगलात नशीब असेल तर भेकर दिसेल, दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन जा, बास. क्लासमधले पालक कधीकधी विचारतात की एअर रायफलने ससा वगैरे मारता येतो का, तर त्यांना मी तिथेच सांगते की तो गुन्हा आहे आणि असं डोक्यात असेल तर मुलाला माझ्याकडे पाठवू नका. विस्कॉन्सिनची गोष्ट वेगळी, तिथे व्हाइटटेल हरणं इतकी झालीत की गाड्यांना धडकतात, शेतं खातात, आणि राज्य सरकारच दरवर्षी नोव्हेंबरात नऊ दिवसांचा सीझन ठेवून, लायसन्स देऊन, कुठल्या भागात किती मारायची ते ठरवून देतं. मारलेलं हरीण लोक घरी नेऊन वर्षभर खातात. ते बघितल्यावर माझा विरोध तरी राहिला नाही.

रायफलकडे वळायच्या आधी कागदपत्रांचं सांगते कारण आमचा पहिला शनिवार यातच वाया गेला. भाऊ एच-वन-बी वर आहे. एका मोठ्या आउटडोअर स्टोअरमध्ये गेलो, तिथल्या सेल्समनने तासभर दहा रायफली दाखवल्या, दोन वेळा ऑर्डर लिहायला घेतली आणि शेवटी फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) भरताना व्हिसाचा प्रश्न आला तेव्हा म्हणाला की तुम्हाला देता येणार नाही. तिथला केंद्रीय कायदा असा आहे की तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही, पण त्याच्याकडे तिथल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे. म्हणजे आधी लायसन्स, मग रायफल. आणि १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो भावाने केला, मी पाहुणी म्हणून मेंटॉर्ड प्रकारचं लायसन्स काढलं, ज्यात अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असावा लागतो. रेंजवर सुद्धा मी लायसन्स खिशात ठेवूनच रायफलला हात लावला. दुकानात जाताना ग्रीन कार्ड नसलेल्यांनी लायसन्स, पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद) सगळं बरोबर न्या, हे तो सेल्समन पहिल्या पाच मिनिटांत सांगू शकला असता.

त्याच सेल्समनचा दुसरा सल्ला त्याहून वाईट होता. भाऊ पाच फूट सहा इंच, आयुष्यात फक्त कॉलेजला एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेली, आणि हा माणूस त्याला .३०० विन मॅग घ्या म्हणत होता (रायफल तिच्या काडतुसाच्या नावाने ओळखतात, .२४३, .३०८, ६.५ क्रीडमूर ही तशीच नावं, आणि मॅग म्हणजे मॅग्नम, जास्त ताकदीचं), का तर "पुढे एल्क (हरणाचाच खूप मोठा प्रकार) मारायचा झाला तर". पहिल्या रायफलला मॅग्नम देणं म्हणजे आज गाडी शिकणाऱ्याला ट्रकची किल्ली देणं. हा मुद्दा मी जरा सविस्तर सांगते कारण सगळी निवड यावरच उभी आहे.

हरणाच्या छातीत, पुढच्या पायाच्या मागे, हृदय आणि फुफ्फुसाचा जो भाग असतो तो साधारण वीस सेंटिमीटरच्या ताटाएवढा धरतात. गोळी तिथे गेली की जनावर काही सेकंदांत पडतं. तिथे नाही गेली, पोटात किंवा पायात लागली, तर ते तास न् तास तडफडतं आणि बऱ्याचदा सापडतही नाही. म्हणजे सगळा प्रश्न नेम लागण्याचा आहे, आणि नेम बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे धक्क्याची भीती. बार होणारे हे शरीराला माहीत असतं, त्यामुळे ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते. एअर रायफलला धक्का जवळजवळ नसतोच, तरी माझ्याकडच्या नव्या मुलांत हे दिसतं, मग खऱ्या रायफलला काय होत असेल विचार करा. सारख्या वजनाच्या रायफलींत .३०-०६ चा धक्का .२४३ च्या साधारण दुप्पट बसतो, .३०८ मध्ये कुठेतरी येते, ६.५ क्रीडमूर .३०८ पेक्षा बरीच मऊ, आणि .३०० विन मॅग तर .३०-०६ च्याही वर. आणि इतकी ताकद हवी कशाला, तर पन्नास ते नव्वद किलोच्या हरणासाठी, तेही विस्कॉन्सिनच्या दाट झाडीत जिथे बहुतेक बार शंभर यार्डाच्या आत होतात. गंमत म्हणजे .३०-३० सारखं १८९५ चं काडतूस आजही तिथल्या जंगलात दरवर्षी हरणं पाडतं.

मी पुण्याहून जाताना मनात .२४३ विंचेस्टर पक्की करून गेले होते. १९५५ चं काडतूस, .३०८ चंच तोंड बारीक करून केलेलं, धक्का कमी, नवशिक्याला एकदम योग्य. पण तिथे भावाच्या ऑफिसातले एक सीनियर आहेत, चाळीस वर्षं शिकार करतायत, त्यांनी एक गोष्ट समजावली ती मला पटली. .२४३ ची गोळी ९५-१०० ग्रेनची, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम. हरीण अगदी आडवं उभं असेल तर उत्तम, पण तिरकं उभं असेल आणि गोळीला खांद्यातून खोलवर जायचं असेल तर नवशिक्याच्या हातात चुकीला जागा कमी राहते. ६.५ क्रीडमूरची गोळी १४० ग्रेनच्या आसपास, नऊ ग्रॅम, लांब आणि सडपातळ म्हणून आत खोल जाते, आणि धक्का .२४३ पेक्षा थोडाच जास्त. २००७ मध्ये हे काडतूस आलं तेव्हा टार्गेटवाल्यांसाठीच आलं होतं, आता शिकारीत सगळीकडे चालतं आणि गोळ्या गावातल्या साध्या दुकानातही मिळतात. म्हणून शेवटी मी माझं मत बदललं. बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठी किंवा एकदम बारीक अंगाच्या माणसासाठी विचाराल तर अजूनही .२४३ च म्हणेन. आणि कोणाला घरातून जुनी .३०८ किंवा .२७० मिळत असेल तर ती पण झकास, फक्त नवी घेण्यासाठी पैसे घालवू नका, ते गोळ्यांवर आणि सरावावर घालवा. हो, आणि राज्य बघा. विस्कॉन्सिनमध्ये हे सगळं चालतं, पण ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी बारीक न होणाऱ्या काडतुसाचीच रायफल चालते, म्हणजे .३५० लेजंड, .४५० बुशमास्टर असली, तिथे ६.५ क्रीडमूर घेऊन गेलात तर नियम मोडला.

दुसरं दुकान छोटं होतं, एका गावातलं, मालक सत्तरीचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शिकारीला जे जॅकेट घालणार ते आणलंय का?" नव्हतं आणलं. त्यांनी दुकानातलंच जाड केशरी जॅकेट भावाला घालायला लावलं आणि मगच रायफल हातात दिली. मला तिथेच माणूस आवडला, कारण आम्ही बालेवाडीला मुलांना शूटिंग जॅकेट घालूनच बटची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी लावायला शिकवतो, टी-शर्टवर लावली तर जॅकेट घातल्यावर सगळं गणित चुकतं. विस्कॉन्सिनचा नोव्हेंबर म्हणजे शून्याखाली, अंगावर तीन थर. मग मी भावाला आमच्या क्लासमधली परीक्षा करायला लावली, डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मान सैल सोड, गाल स्टॉकवर टेकव आणि मग डोळे उघड. स्कोपमध्ये पूर्ण गोल स्वच्छ दिसला तर रायफल तुझ्या मापाची, काळी चंद्रकोर दिसली आणि मान ताणावी लागली तर नाही. चार रायफलींत दोन तिथेच बाद झाल्या. अर्थात हे करताना रायफल रिकामी आहे हे मालकांनी बोल्ट (मागे-पुढे सरकून गोळी आत घालणारा भाग) उघडून आम्हाला दाखवलं, आम्ही परत बघितलं, आणि नळी भिंतीकडेच.

टिक्का टी३एक्स लाइट अशी ठरली. फिनलंडच्या रीहिमाकीला साकोच्या कारखान्यात बनते, टी३ २००३ ला आली आणि तिची सुधारलेली टी३एक्स २०१६ ला. आम्हाला आठशे डॉलरच्या आसपास पडली, स्कोप वेगळा. आता मला काय आवडलं ते सांगते.

ट्रिगर. मी दिवसभर अशा ट्रिगरवर काम करते जे शंभर ग्रॅमपेक्षाही कमी दाबावर सुटतात, त्यामुळे शिकारीच्या रायफलचा ट्रिगर जड आणि खरखरीत असणार अशी मनाची तयारी केली होती. हा तसा नाही. साधारण एक ते दोन किलोच्या मध्ये हवा तसा लावता येतो, काच तुटावी तसा स्वच्छ सुटतो, मध्ये कुठे अडकत नाही. शिकारीत हातात ग्लोव्ह असतात, बोटं गारठलेली असतात, म्हणून भावाचा आम्ही दीड किलोच्या जरा खाली ठेवला, एकदम हलका ठेवला नाही आणि तुम्हीही ठेवू नका.

बोल्ट. लोण्यासारखा सरकतो, हे सगळेच सांगतात आणि खरंच आहे. बोल्टचा दांडा ७० अंशच वर उचलावा लागतो त्यामुळे स्कोपला बोट लागत नाही आणि खांद्यावरून रायफल न काढता दुसरी गोळी भरता येते. मॅगझिन तीन गोळ्यांचं, निघणारं. तीन पुरतात, हरणाला चौथी मारायची वेळ आली तर पहिलीतच काहीतरी चुकलेलं असतं.

अचूकता. कंपनी शंभर यार्डावर तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पसारा, एक इंचात देते म्हणते. आम्ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आणल्या, एकीने बरोबर इंचभराचा ग्रुप दिला, दुसरीने सव्वा, तिसरीने जवळजवळ दोन. रायफल तीच, माणूस तोच. म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांचा एकेक बॉक्स आणून बघा, जी बसली तिचे एकाच लॉटचे चार-पाच बॉक्स घेऊन ठेवा. गोळी फुटून पसरणारी हवी, नुसती धातूच्या कवचातली, न पसरणारी मिलिटरी टाइप टार्गेटसाठी ठीक पण हरणात आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. आम्ही पूर्ण तांब्याची घेतली, कारण शिशाचे बारीक तुकडे मांसात राहू शकतात आणि भावाच्या घरी दोन लहान मुलं ते मांस खाणार होती.

वजन. सुमारे तीन किलो, स्कोपसकट साडेतीनच्या घरात. दिवसभर जंगलात फिरायला छान, पण हलकी रायफल जास्त ढकलते, हा सरळ हिशोब आहे. आमची मॅचची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असते आणि ती हलत नाही, ही उभ्याने धरली तर नळीचं टोक फिरत राहतं. म्हणून उभ्याने आधाराशिवाय मारायचंच नाही असं मी भावाला सांगितलं, झाडाला टेक, गुडघ्यावर बस, शूटिंग स्टिक वापर. अजून एक, हिची सेफ्टी लावली की बोल्टही लॉक होतो, म्हणजे रायफल रिकामी करायची तर सेफ्टी काढावी लागते. तेव्हा नळी जमिनीकडे किंवा सुरक्षित दिशेला आहे ना हे बघूनच बोल्ट उघडायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून. वहिनी पाच फुटाची आहे, तिला हिचा बट लांब पडला. तशा लोकांसाठी यातच कॉम्पॅक्ट मॉडेल येतं छोट्या स्टॉकचं, ते बघा.

स्कोपवर जास्त पैसे घालू नका पण अगदी स्वस्तही नको. ३-९ गुणिले ४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटर) पुरतो आणि तो नेहमी ३ वर ठेवा. नवशिके ९ वर ठेवून फिरतात आणि हरीण चाळीस यार्डावर आलं की काचेत नुसती तपकिरी केसं दिसतात.

आता सराव, माझा आवडता भाग. भावाने पहिल्या दिवशी वीस गोळ्या मारल्या आणि दहाव्या गोळीनंतर ग्रुप पसरायला लागला. मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी मॅगझिन मी भरून द्यायला लागले आणि मध्येच एखादी डमी गोळी टाकायची, त्याला न सांगता. डमीवर ट्रिगर दाबला की बार होत नाही आणि नळी कशी खाली झटकते ते त्याच्याच डोळ्यांना दिसतं. तिसऱ्यांदा दिसल्यावर तो गप्प झाला आणि म्हणाला, "ताई, मला वाटलं स्कोप हललाय." मग रोज संध्याकाळी घरी, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, रायफल दोनदा तपासून, डमी घालून नुसता ट्रिगर. पन्नास वेळा. स्वप्नील कुसाळेने बालेवाडीत सराव केला आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ घेऊन आला, त्यामागे अशा बिनआवाजाच्या सरावाचे किती तास असतात ते इथल्या कोणालाही विचारा. दोन आठवड्यांत भावाचा बसून मारलेला ग्रुप शंभर यार्डावर चार इंचात आला. मी म्हटलं आता जा, पण शंभरच्या पुढे बार टाकायचा नाही. कानाला फोमचे प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला, या रायफलींचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

सीझनचे पहिले दोन दिवस काहीच दिसलं नाही. मी भावाच्या सीनियरांच्या शेजारी बसले होते, कमरेच्या वर केशरी, तिथे कमरेवरचे कमीत कमी निम्मे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी असावे लागतात. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मादी साधारण सत्तर यार्डावर आली, भाऊ झाडाच्या बुंध्याला टेकून गुडघ्यावर होता, तिरकी होती तोवर त्याने ट्रिगरला बोट लावलं नाही, आडवी झाल्यावर एकच बार. चाळीसेक पावलं पळाली आणि पडली. तो जवळ जाऊन खाली बसला आणि बराच वेळ बोलला नाही. मला पण भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण गोळी बरोबर जिथे जायला हवी तिथे गेली होती, काही सेकंदांत सगळं संपलं होतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटलं. नंतर डोकं तपासणीला दिलं, कारण तिकडच्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग २००२ पासून आहे, रिपोर्ट नीट आल्यावरच मांस शिजवलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली आणि मग म्हणाली, "नीट खा, टाकू नका."

तर माझ्याकडून टी३एक्स लाइटला पाचपैकी साडेचार. अर्धा मी हलक्या वजनासाठी कापलाय, कारण नवशिक्याला अजून अर्धा किलो असता तर बरं झालं असतं. भाऊ आता जरा जड स्कोप बसवायचा विचार करतोय, आणि वहिनीने हंटर एज्युकेशनच्या कोर्सला नाव घातलंय, तिच्यासाठी कॉम्पॅक्ट .२४३ बघायची आहे. ती घेतली की तिचंही लिहीन.